उजेड कमी झाला तेव्हा

आमच्या गावच्या विहारातल्या लोखंडी कपाटात विज्ञानकथांचे जुने अंक पडून होते. कोणी आणून ठेवले, कोणालाच आठवत नाही. घाटंजीला अकरावीत जायला लागले तेव्हापासून मी रोज एक कथा वाचते. अंगणवाडीत नोकरी लागली तरी सवय गेली नाही. संध्याकाळी भात शिजेपर्यंत मी मोठ्यानं वाचायची आणि मोठा भाऊ ओट्यावर पाय सोडून ऐकायचा. तो सातवीनंतर मजुरीला लागलेला. परग्रहावरची माणसं, बोलणारी झाडं, त्याला सगळं चालायचं. मग केव्हातरी भरल्या घरात सरळ चेहऱ्यानं मला म्हणायचा, "बाई, विहिरीतून कोणीतरी तुयं नाव घेऊन राह्यलं." मी दरवेळी फसायची.

त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. भाऊ पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायचा. नळी वर धरावी लागे आणि औषध तोंडावर उडे. वारा तर पडलेलाच होता. घरी आला की शर्टाला डोक्यात जाणारा गोडसर वास यायचा, म्हणून आई त्याला शर्ट बाहेरच काढायला लावायची. दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं, जेवणही जात नव्हतं. ऊन लागलं असेल, असं तोच म्हणाला.

त्याच आठवड्यात मी एक कथा वाचली. सूर्य हळूहळू विझत असतो, पण लोकांना वाटतं आपलेच डोळे अधू झाले. ते नुसते चष्मे बदलत राहतात. एरवी मधेमधे बोलणारा भाऊ त्या संध्याकाळी ओट्यावरच आडवा झाला.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी तो शेतातून परत आला. पत्र्याकडे बघवत नव्हतं इतकं ऊन होतं. दाराची चौकट धरून त्यानं विचारलं, "उजेड कमी झाला का वं, बाई?"

मला हसू आलं. "सूर्य विझून राह्यला, दादा. चष्मा बदल," म्हणत मी आत भांडी घासायला गेले.

अर्ध्या तासानं बाहेर आले तर तो खाटेवर वाकून बसलेला. अंग घामानं भिजलेलं, तोंडातून लाळ गळत होती. मी त्याचा चेहरा वर केला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या.

शेजाऱ्याच्या ऑटोतून आम्ही त्याला घाटंजीला नेलं. तिथं इंजेक्शन देऊन पुढं यवतमाळला पाठवलं. वाटेत त्यानं माझा हात घट्ट धरला. "खरं सांग, ऊन हाय ना?"

"हाय दादा. लय ऊन हाय."

कोणतं औषध फवारलं, हे डॉक्टरांना आमच्यापैकी कोणीच सांगू शकलं नाही. शेतमालकानं दोन-तीन बाटल्या एकत्र करून दिल्या होत्या. वॉर्डात आणखीही फवारणीवाले होते. समोरच्या खाटेवरचा माणूस सकाळी अकराला बायकोला लाइट लावायला सांगत होता. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर धुतलेली चादर होती. भावानं ती पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी भांडी घासत घालवलेल्या अर्ध्या तासानं काही बिघडलं का, असं डॉक्टरांना विचारलं. "आणलं ना," एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

नऊ दिवसांनी भाऊ घरी आला. आता तो लोहाऱ्याला एका गोदामात हमालीला जातो. हात अजून थरथरतात. महिनाभर मी पुस्तकाला हात लावला नव्हता. मग त्यानंच वाचायला सांगितलं, पण एक अट घातली, "आधी शेवट सांग. मंग वाच."

यंदाही कपाशी उंच झाली आहे. परवा गल्लीत कोणीतरी बादलीत औषध कालवत होतं आणि त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. त्या संध्याकाळी वाचायला घेतलेल्या कथेत शेवटी कोणाचाच जीव वाचत नव्हता. मी भावाला सांगितलं, सगळे वाचतात. मग पान समोर धरून, जे छापलेलंच नव्हतं ते मी वाचत गेले.