हॅनोव्हेरियनच्या कपाळावरचं कुंकू

गॅरेज आवरताना माझ्या लेकीचं, सईचं, जुनं खोगीर हाती लागलं. चामड्याचा आणि साबणाचा तो वास आला, आणि मी मनाने इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या तबेल्यात जाऊन उभी राहिले.

दसरा होता. चौदा वर्षांच्या माझ्या सईची त्या दिवशी घोडेस्वारीची पहिली स्पर्धा. पुण्याहून आलेली माझी आई सकाळी आमच्या गाडीची पूजा करून तेच ताट घेऊन तबेल्यात आली. गवताला धोका नको म्हणून निरांजन तेवढं मी गाडीत ठेवायला लावलं.

"वाहन आहे ना तिचं? मग पूजा नको?" आई घोड्याकडे बघत म्हणाली.

"आजी, प्लीज नको! सगळे बघतायत," सई कुजबुजली. मीही आईचं मनगट धरलं.

समोर काळाभोर हॅनोव्हेरियन घोडा, खांदाच आईच्या डोक्याहून उंच. तबेल्याची मालकीण सांगायची, या जर्मन वंशात नांगर आणि तोफा ओढणाऱ्यांचं बळ आहे, रेसच्या घोड्यांचा वेग आहे, आणि पिढ्यानपिढ्या निवडून जपलेला शांत स्वभाव. मला फक्त खूर दिसत होते.

आईने हात सोडवून घेतला. तो घोड्याच्या कपाळापर्यंत पोचेना. तेव्हा त्या अजस्र जनावराने सावकाश मान खाली आणली आणि तिच्या बोटापाशी कपाळ धरून ते थांबलं. त्याच्या ऊन श्वासाने तिचा पदर हलला. आईने त्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. सईने कुंकू पुसलं नाही. तसाच त्याला घेऊन ती रिंगणात गेली.

तेव्हा तो चमत्कार वाटला होता. आता कळतं, लगाम चढवताना तो रोज सईसमोर असाच वाकत असणार. एवढं बळ, आणि एवढं सहज वाकणं! ती मान आजही दिसते. पण त्याआधी दिसतो, आईला अडवणारा, तिच्या मनगटावरचा माझा हात.