चार माणसांची अमेरिकन राज्यघटना

काय सांगू तुम्हाला, माणसाने प्रबंध लिहावा, पण तो घरात राबवू नये! मी राबवला.

साठ-बासष्टचा सुमार. मी जर्मनीत हायडेलबर्गला होतो, प्रबंधाचा विषय अमेरिकेची राज्यघटना. फ्राउ वेबर या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही चार मराठी विद्यार्थी राहायचो. चार मराठी माणसं एका छपराखाली आली की पाचवं काय येतं? मंडळ! आणि मंडळाला घटना हवीच. ती अर्थात मी लिहिली.

"एकाच माणसाच्या हाती सत्ता जाता कामा नये," मी बजावलं. "राजा नको म्हणून तर अमेरिकेच्या घटनाकारांनी फिलाडेल्फियात भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेऊन वाद घातला!"

मग वाटणी झाली. कुलकर्णी खालचं सभागृह. लिमये वयाने मोठे, म्हणून वरचं. काळे अबोल, म्हणून सर्वोच्च न्यायालय. अध्यक्ष कोण, म्हणता? अहो, घटना कुणी लिहिली होती?

बटाटे कुणी सोलायचे, अंघोळीला आधी कोण, असा कारभार झकास चालला होता. आणि एका दुपारी काळेला तार आली. आई गेली. तार पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलंही होतं. काळेने खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

आम्ही तिघे स्वयंपाकघरात सुन्न. त्याच्याशी काय बोलावं, कुणालाच सुचेना. आणि बोलायला सुचलं नाही की मराठी माणूस काय करतो? सभा भरवतो!

"दुखवट्याचा ठराव करू," मी म्हणालो. "रीतसर."

कुलकर्णीने 'तीव्र दुःख' लिहिलं. लिमयांना 'अतीव' हवं होतं. शेवटी दोन्ही घातली. ठराव सहीला आला, तर त्यात मंडळाचं नावच नाही! मी व्हेटो वापरला, सही नाकारली.

"दोन-तृतीयांश मतांनी तुझा व्हेटो उडवतो!" कुलकर्णी उसळला. "लिमये, बोला!"

"मला दोघांचंही निम्मं निम्मं पटतंय," लिमये म्हणाले.

झाली का पंचाईत! वरच्या सभागृहात लिमये एकटेच, आणि निम्मं म्हणजे दोन-तृतीयांशाच्या आतच की. मग एका माणसाचं निम्मं मत मोजायचं कसं? अशा वेळी कुठे जायचं असतं? न्यायालयात. आणि आम्ही तिघे, हसू नका, गेलो!

काळेच्या खोलीचं दार फ्राउ वेबरनी उघडलं; त्या आमच्या आधीच तिथे पोचल्या होत्या. त्या परत काळेशेजारी जाऊन बसल्या. त्यांचा नवरा युद्धावरून परतलाच नव्हता. काळेचा हात त्यांनी हातात घेतला. समोर सूप निवत होतं.

"काळे," मी घसा खाकरला, "एक घटनात्मक प्रश्न उपस्थित झालाय."

शपथ सांगतो, हे मी बोललो.

काळे हळूच म्हणाला, "न्यायालय आज बंद आहे रे. तुम्ही आत या."

आत गेलो. आई बोटीवर सोडायला आली होती, मेतकुटाचा डबा हातात देताना तिला एक शब्द बोलता आला नव्हता, हे तो सांगत होता. काळे इतकं बोलू शकतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. लिमये ढसाढसा रडले. मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. खालच्या सभागृहाने माझ्यावर महाभियोग आणला, वरच्याने तो ऐकला, काळे पीठासीन. आमच्या घटनेखाली एकमताने पार पडलेलं हे एकमेव काम! पण प्रत्येक ठरावाला अध्यक्षाची सही लागेल, असं कलम मीच घालून ठेवलं होतं.

"व्हेटो वापरणार का?" काळेने विचारलं. तारेनंतर तो पहिल्यांदाच हसत होता.

मी मुकाट्याने सही केली. खाली 'अध्यक्ष' लिहायला गेलो, तर कुलकर्णी म्हणतो, "माजी!"