अक्कांचा वाफा

कुठलीही नवी वस्तू समोर ठेवली की अक्का आधी तिचा वास घेत, मग दोन बोटांत धरून तिचा कोपरा चुरगाळत आणि शेवटी म्हणत, "पुरून बघू." वस्तू आणणारा माणूस नवा असला तर गोंधळून जाई. आपण एवढ्या हौसेने दाखवायला आणलेलं पाकीट ही बाई खरोखरच मातीत पुरणार आहे, हे त्याला पटायला जरा वेळ लागे.

वसमतच्या बाहेर आमचा हळद पावडरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक दळणाची शेड, एक पॅकिंगची आणि पुढे चार खोल्यांचं ऑफिस. तुम्ही कधी त्या रस्त्याने गेला असाल तर वासावरून ओळखलंच असेल. ऑफिसचा सगळा कारभार अक्कांकडे होता आणि जाहिरात माझ्याकडे. पाकिटावर काय छापायचं, दुकानांत काय टांगायचं, दिवाळीला दुकानदारांना काय वाटायचं, हे मी बघायचो. मालक वयाने अक्कांपेक्षा मोठे, पण तेही त्यांना अक्काच म्हणत. त्यांचं खरं नाव कुणी हाक मारायला वापरल्याचं मला आठवत नाही.

ऑफिसच्या मागे पाण्याचा हौद आहे. त्याच्या सांडपाण्यावर अक्कांनी एक वाफा केला होता. कडेने झेंडू, मध्ये नुसती माती आणि मातीत रोवलेल्या कडुलिंबाच्या काड्या. प्रत्येक काडीखाली काहीतरी पुरलेलं असे. पाकिटांचे नमुने, फुकट वाटायची पेनं, एकदा तर आमच्याच कंपनीचं कॅलेंडर. पावसाळा उलटला की अक्का खुरपं घेऊन बसत आणि जे निघेल ते झटकून माझ्या टेबलावर आणून ठेवत. एकदा कुणी तरी 'निसर्गमित्र' असं छापलेला चमचा विकायला आणला होता. तो जसा गेला तसाच वर आला, उलट मातीने घासून जरा उजळलाच होता. "घ्या भाऊ, तुमचा निसर्गमित्र," असं म्हणून त्यांनी तो माझ्या चहात घातला आणि साखर ढवळून दिली.

चहावरून आठवलं. ऑफिसात पूर्वी कागदी कप होते. अक्कांनी ते बंद केले, पण त्यासाठी भाषण केलं नाही की भिंतीवर पाटी लावली नाही. घरच्या माळ्यावर पडलेले स्टीलचे पेले एका पोत्यात भरून आणले. लग्नामुंजीत आलेले, नावं घातलेले पेले ते. माझ्या वाट्याला 'वास्तुशांतीनिमित्त आत्याकडून सप्रेम भेट' आला. मालकांच्या पेल्यावर 'डोहाळजेवणानिमित्त' असं होतं, आणि मोठमोठे व्यापारी समोर बसलेले असताना मालक त्याच पेल्यातून चहा पीत. पॅकिंगच्या बायकांनी आपापले पेले निवडून घेतले होते आणि दुसरीने चुकून घेतला तर भांडणं होत. कागदी कप परत आणा असं त्यानंतर कुणीही म्हणालं नाही.

त्यांचंही चुके बरं का. एका दिवाळीला आम्ही दुकानदारांना भिंतीवरच्या प्लास्टिकच्या घड्याळांऐवजी कापडी पिशव्या वाटल्या. शुद्ध सुती म्हणून त्यावर छापलंही. अक्कांना घाई होती, त्यांनी पिशवी पुरली पण ती वाटून झाल्यानंतर. वर्ष उलटून गेलं तरी ती मातीत धड कुजेना, तेव्हा कळलं की सुतात नायलॉन मिसळलेलं होतं. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. अक्का मला घेऊन गावोगावच्या दुकानांत निघाल्या आणि आम्ही चुकीचं छापलं होतं असं तोंडाने सांगत फिरल्या. नरसीला प्रसादाचं दुकान चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, पिशवी फाटंना म्हणून तं मी खूश हाय. तुमी काहून तकलीफ घेऊन राहिल्या?" परतीच्या एसटीत अक्का हसत नव्हत्या. त्यांना ते फार लागलं होतं.

मग ती पुण्याची ऑर्डर आली. तिकडच्या एका मोठ्या दुकानसाखळीला आमची हळद हवी होती, आणि पाकीट पर्यावरणाला पूरक आहे असं वर छापलेलं हवं होतं. मालकांनी तपकिरी कागदाचं, हिरव्या पानाचं चित्र असलेलं सुरेख पाकीट शोधून आणलं. मी त्यावर ओळ लिहिली, 'हळद मातीची, पाकीटही मातीचंच.' खोटं कशाला बोलू, ओळ मला स्वतःलाच फार आवडली होती. मी ती घरी बायकोलाही वाचून दाखवली. अक्कांनी पाकिटाचा वास घेतला, कोपरा चुरगाळला आणि मला वाटलंच होतं तसं ते वाफ्यात गेलं.

पुणेकरांची बोलणी लांबत गेली तोवर पाऊस होऊन गेला. अक्कांनी पाकीट उकरून मालकांच्या टेबलावर ठेवलं. वरचा कागद गेला होता आणि आतलं चकचकीत अस्तर सापाच्या कातेसारखं अख्खं निघालं होतं. मालक चिडले. ऑर्डर हातची जाते की काय याची त्यांना धास्ती होती.

"अक्का, गिऱ्हाईक काय पाकीट पुरून बघणार हाय का?"

"गिऱ्हाईक न्हाई बघत, मालक. म्हणून तं आपण बघायचं."

त्यावर मालक बरंच बोलले. सगळ्या बाजारात असंच चालतं, नाव कमवायची संधी परत यायची नाही, वगैरे. अक्कांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचा कारखाना हाय, तुमी छापा. पर मंग मला मोकळं करा. मला ते पाकीट हातात धरवणार न्हाई." सगळी उमर ज्या ऑफिसात गेली ते सोडायला ही बाई तयार आहे, हे पाहून मालकांचा आवाज खाली आला. शेवटी असं ठरलं की पुढच्या दिवाळीपर्यंत अक्कांनी खरोखर मातीत जिरणारं पाकीट शोधावं. मिळालं तर त्यावर ओळ छापायची. नाही मिळालं तर आहे त्याच पाकिटावर ओळ जाईल आणि अक्का घरी जातील. पुणेकरही तेवढे दिवस थांबायला तयार झाले.

त्या वर्षी अक्कांना दुसरं काही सुचत नव्हतं. कुठून कुठून नमुने मागवत, पुरत, उकरत, फेकून देत. त्यातच त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी दुखणं अंगावर काढलं, मग नांदेडच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आजार फार पुढे गेला होता. सुया आणि सलायनी घेऊन त्या परत येत, दोन दिवस पडून राहत आणि ऑफिसात येऊन बसत. डोक्याला रुमाल बांधलेला असे. कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हणत.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा कोल्हापूरकडच्या एका कारखानदाराने नमुना पाठवला. कागदाच्या आत लाकडाच्या लगद्यापासून केलेला पातळ पापुद्रा होता, प्लास्टिक अजिबात नाही असं त्याचं म्हणणं. अक्कांनी वास घेतला, कोपरा चुरगाळला आणि मला घेऊन वाफ्यावर आल्या. खुरपं त्यांच्या हातात ठरेना, म्हणून खड्डा मी केला.

"खोल नगं भाऊ. हळदीचं बेणं लावतो तितकंच."

त्यांनी नवा नमुना ठेवला आणि शेजारी चिकटून आमचं जुनं, आतून चकचकीत असलेलं पाकीट ठेवलं. दोघांना एकच पाणी, एकच माती, म्हणजे पुढं वाद नको असं त्यांचं म्हणणं होतं. मी माती लोटली, त्यांनी काडी रोवली. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि तो हात इतका हलका होता की मला भीती वाटली.

"उकरताना मला बोलवा," त्या म्हणाल्या. "माझ्याबिगर उकरू नका."

पोळा झाला, गणपती बसले, त्या आल्या नाहीत. नवरात्राच्या आधी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर फ्लेक्स लागला. ओळखपत्रावरचा अक्कांचा फोटो केवढा तरी मोठा केलेला, चारी बाजूंनी गुलाब आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली.' पॅकिंगच्या बायकांनी आणि वॉचमनने मिळून तो करून आणला होता. मी तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने गेटवर दिवाळीच्या शुभेच्छांचाही फ्लेक्स लावू दिला नव्हता, तिलाच फ्लेक्सवर चढवलं. पण आमच्याकडे माणूस गेल्यावर फ्लेक्स लागला नाही तर त्याच्यासाठी कुणी रडलंच नाही असं समजतात. त्या बायकांना अक्कांसाठी आपण रडलो हे गावाला दाखवायचं होतं. त्यांना दुसरी कुठली रीत ठाऊक होती?

तेरावं झालं आणि फ्लेक्स उतरवला, तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. अक्कांचा फोटो फेकायचा कसा? जाळायचा तर विचारही नको. आणि पुरून उपयोग नाही, हे तर त्यांनीच शिकवलं होतं. शेवटी वॉचमनने तो घरी नेला आणि शेळ्यांच्या गोठ्यावर छत म्हणून टाकला. फोटो आतल्या बाजूला केला, पावसाने खराब होऊ नये म्हणून. मी एकदा गेलो होतो बघायला. खाली शेळ्या रवंथ करत होत्या आणि वरून अक्का बघत होत्या. मला हसू आलं आणि मग तिथे थांबवलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. छापखान्याला मजकूर द्यायचा होता, पण वाफ्याकडे जायचं कुणी नाव काढत नव्हतं. मालक रोज मागच्या दारापर्यंत जात आणि परत येत. पुण्याहून फोन यायला लागले तेव्हा एका दुपारी ते मला म्हणाले, "चला भाऊ." आवाज अगदी लहान होता.

मी काडी बाजूला केली आणि हलक्या हाताने उकरायला लागलो. आधी जुनं पाकीट लागलं. कागद गेलेला, अस्तर मात्र चकचकीत, जसंच्या तसं. ते उचलून मी मालकांच्या हातात दिलं. त्याच्या शेजारी काही नव्हतं. मी आणखी खणलं. मालक धोतर सावरून खाली बसले आणि त्यांनीही मातीत हात घातले. आम्ही ढेकळं फोडली, माती बोटांनी चाळली. गांडुळं निघाली, झेंडूची मुळं निघाली, पाकिटाचा कपटासुद्धा निघाला नाही.

"न्हाई ना काही?" मालकांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. ते उठून उभे राहिले आणि ऑफिसच्या खिडकीकडे हात करून मोठ्याने म्हणाले, "अरे, अक्काला बोलवा कुणीतरी."

खिडकीत पॅकिंगच्या दोघी उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. मालकांचा हात तसाच वर राहिला. मग ते हौदाच्या कठड्यावर बसले आणि मातीने भरलेले हात मांडीवर ठेवून रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली.

पाकीट आता दुकानांत मिळतं. वर माझी ओळ आहे. तुम्हाला कुठे दिसलं तर हळद संपल्यावर ते कुंडीत पुरून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. वाफा अजून तसाच आहे, झेंडू येतो. ती कडुलिंबाची काडी मी जागेवर परत रोवली होती. तिच्याखाली आता काही नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तरी वाऱ्यापावसाने ती कलली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती सरळ करून ठेवलेली असते.