मोटार तापते

तो आठवडा आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दिघीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी घरघंटीवर शेजारपाजारचं दळण दळून द्यायचे. दळणं वाढली, ती छोटी घरघंटी पुरेना. भोसरीतला एकजण आपली मोठी गिरणी द्यायला तयार झाला, पण म्हणाला, "रविवारपर्यंत सांगा ताई, नाहीतर सोमवारी दुसरं गिऱ्हाईक उचलून नेतंय." आणि जुनी गेल्याशिवाय आमच्या घरात नवीला जागाच नव्हती. म्हणून घरघंटी ऑनलाइन विकायला काढली.

जाहिरात लिहायचं काम नवऱ्याला सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली. हे महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर मालात खोट काढायची, हीच नोकरी. बुधवारी घरी आले ते बॅटरी आणि स्टीलची पट्टी घेऊन घरघंटीपुढं बसले. प्रत्येक ओरखड्याशेजारी पट्टी ठेवून फोटो! मग लिहिलं : डाव्या बाजूला चार सेंटीमीटर ओरखडा. मागच्या पायाला गंज. झाकणाची कडी सैल. सलग अर्धा तास चालवल्यास मोटार तापते, दहा मिनिटं थांबावं लागतं.

"अहो, विकायचीय का रिजेक्ट करायचीय?"

"जे आहे ते आहे," म्हणे.

घ्या! मग फोन आले तेही तसलेच. एकजण म्हणाला, "ताई, एवढं सांगताय म्हणजे न सांगितलेलं किती असेल?" दुसरा म्हणाला, "भंगारवाल्याला फोन लावा की." तिसरा "लास्ट किती" एवढंच विचारून गायब. शुक्रवार गेला. मला हसावं का रडावं कळेना. पाच वर्षं त्या यंत्रानं एक दिवस मला दगा दिला नव्हता, आणि आमच्या शहाण्यानं त्याची पार अब्रू घालवली होती.

शनिवारी हे फर्स्ट शिफ्टला गेले आणि मी फोन हातात घेतला. सगळं खोडलं. चांगल्या बाजूचा एकच फोटो ठेवला आणि लिहिलं : एकदम नव्यासारखी. काहीही प्रॉब्लेम नाही. दुपारपासून फोनवर फोन. म्हटलं, बघा, असं लिहितात!

रविवारी बघायला मात्र एकच जण आलं : सकाळी चऱ्होलीहून एक काकू. पिशवीत स्वतःची बाजरी आणलेली. "दळून दाव," म्हणाल्या. मी दळून दाखवली. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

मग म्हणाल्या, "बुधवारी वाचलं व्हतं, मोटार तापते म्हून. आता ते दिसत न्हाई. दुरुस्त केली व्हय?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण स्वयंपाकघराच्या दारात हे उभे होते.

"नाही केली," मी म्हणाले. "फक्त लिहिलेलं खोडलं."

काकू चिडल्या नाहीत. पिठाची पिशवी बांधत म्हणाल्या, "मधी धा मिनिटं थांबायला माझी काय ना न्हाई. तेवढं खरं लिवलेलं वाचूनच मी यायचं ठरवलं व्हतं. आता तू आजून काय काय खोडलंस, ते मला कसं कळावं पोरी?"

मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेले. बाकी काही खोडलं नाही हो, फक्त गंज, कडी आणि ओरखडा, असं सांगत राहिले. माझं मलाच ते कसं तरी वाटत होतं. त्या गेल्या.

यांनी घरघंटीत उरलेलं बाजरीचं पीठ झाडून काढलं. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. सोमवारी भोसरीची गिरणी दुसऱ्याच्या दारात उतरली. संध्याकाळी यांनी पुन्हा बॅटरी काढली, आणि न सांगता मी पट्टी घेऊन ओरखड्याशेजारी धरली.

"हात हलतोय," हे म्हणाले, "नीट धर."