टाळ्या नको होत्या

मागच्या रविवारी माझं खूप कौतुक झालं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

आमचं डब्लिन आयर्लंडमधलं नाही, ओहायोमधलं. पण नावाला जागून इथल्या एका पबमध्ये दर रविवारी दुपारी आयरिश संगीताचं सेशन असतं. माइक नाही, स्टेज नाही... नुसतं गोल करून बसायचं. एकाने एखादी चाल सुरू करायची, ज्यांना येते त्यांनी लगेच त्यात शिरायचं. येत नसेल तर गप्प बसायचं.

मी लहानपणी साताऱ्याला व्हायोलिन शिकले होते. इथे कपाटात धूळ खात पडलेलं ते व्हायोलिन बाहेर निघालं या सेशनमुळेच. गेली काही वर्षं मी दुसऱ्यांनी सुरू केलेल्या चालींमध्ये शिरतेय. एकदा तरी आपण सुरू करावं आणि सगळ्यांनी आपल्यामागे यावं, एवढीच इच्छा होती.

सेशन चालवणाऱ्या मॅगीकडून एक जिग उचलली. जिग म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळपासचा, पण उड्या मारणारा प्रकार. सगळ्यांना पाठ असलेली चाल मुद्दाम निवडली. मॅगीचं रेकॉर्डिंग लावून बेसमेंटमध्ये ती घासघास घासली. तिने घेतलेली एकही जागा सोडली नाही.

रविवारी नवऱ्यालाही नेलं. तो बापडा कोपऱ्यात फ्राइज खात बसला.

एक चाल संपली आणि मी व्हायोलिन उचललं. मॅगी आनंदाने ओरडलीच, "शूऽऽ! शी इज गोइंग टू प्ले फॉर अस!" झालं. सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली.

मी सुरू केलं. आता शिरतील... पुढच्या आवर्तनाला तरी शिरतील... कोणी शिरलं नाही. डोळे मिटून ऐकत होते हो सगळे! दोघांनी तर मोबाइल काढून व्हिडिओ केला. शेवटी कशीबशी संपवली.

आणि मग टाळ्या. सेशनमध्ये एकमेकांसाठी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला याच लोकांनी शिकवलंय.

मॅगीने मिठी मारली. म्हणाली, चाल आमचीच, पण तू तिला काय सुंदर इंडियन टच दिलास! मध्ये वाजवून बिघडवावंसंच वाटेना. अगं बाई, कसला इंडियन टच? त्या सगळ्या जागा तुझ्या आहेत! हे अर्थात मनात. तोंडाने थँक यू म्हणाले.

शेजारच्या फ्लूटवाल्याने राग कोणता ते विचारलं. मग आयरिश आणि भारतीय संगीताचं मूळ एकच कसं, यावर चर्चा रंगली. माझ्यावरून, माझ्यासमोर... आणि मला न विचारता.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे कळतं मला. म्हणून तर भांडताही येत नाही. पण अपमान झाल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

नवरा नागपूरचा. त्याचा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा. परत येताना सिग्नलला थांबल्यावर म्हणतो, "ती मॅगीवालीच होती ना? मी तर लगेच ओळखली. केव्हापासून बेसमेंटमधून तेच ऐकून राहिलो ना मी."

आणि गुणगुणायलाच लागला. सूर भलतीकडेच, स्टिअरिंगवरचा ठेका तोही चुकलेला. मीही त्यात शिरले... आणि पबमध्ये दाबून ठेवलेलं रडू तिथे फुटलं.

टाळ्या पाहुण्यांसाठी असतात. घरच्या माणसाला साथ करतात... बेसूर का होईना.