मुद्दा क्रमांक एक

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सणात श्वानांची काळजी’ अशी नऊ मुद्द्यांची सूचना टाकली. श्वान हा शब्द मुद्दाम. कुत्रा लिहिलं की लोक मनावर घेत नाहीत. मुद्दा क्रमांक एक, संध्याकाळी घराचं दार बंद ठेवा. दोन, गळ्यातला पट्टा काढू नका. तीन, गोड देऊ नका. पुढचे सहा आता आठवतही नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आमच्या कुत्र्याबद्दल महिन्याला एक तक्रार ठरलेली असते. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, “वाचता येणारा कुत्रा आहे का कुणाकडे?”

आम्ही हडपसरला, सहाव्या मजल्यावर. मी, बायको आणि चिरंजीव. चिरंजीवांना चार पाय आहेत आणि कुकरच्या शिट्टीलाही ते पलंगाखाली जातात.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं. पहाटे मला उत्साहाचा झटका आला आणि मी चिरंजीवांनाही उटणं लावून न्हाऊ घातलं. पट्टा भिजला म्हणून काढून बाल्कनीत वाळत टाकला. बायकोने दुसऱ्या मुद्द्याची आठवण करून दिली. मी म्हणालो, तासाभरात वाळेल. वाळलाही, पण घालायचा कोणी?

संध्याकाळी चिरंजीव आतल्या खोलीत, खिडक्या बंद, टीव्ही मोठ्याने. इथवर सगळं सूचनेबरहुकूम. मग पूजा. केरसुणीला हळदकुंकू, लाह्या-बत्तासे, आणि काळ बदलला म्हणून आमचे दोघांचे फोनही गंध लावून चौरंगावर. शेवटी लक्ष्मी यावी म्हणून मी स्वतः उठून बाहेरचं दार सताड उघडलं. लहानपणापासून या दिवशी दार उघडं पाहिलेलं, हात आपोआप गेला. मुद्दा क्रमांक एक डोक्यात आलाही नाही. वर प्रसादाचा एक बत्तासा घेऊन चिरंजीवांकडे गेलो आणि येताना त्या खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं.

खाली कुणीतरी माळ लावली. माझ्या पायांमधून काहीतरी तपकिरी सुटलं आणि उंबऱ्यावरची पणती कलंडली. मी तसाच उभा. उघड्या दाराकडे बघत होतो आणि ते आपणच उघडलंय, हे डोक्यात शिरायला भलताच वेळ लागला.

मग धावलो. जिन्यात मजल्यामागून मजला, सगळ्यांची दारं उघडी, सगळ्यांना लक्ष्मी हवी. मी प्रत्येक घरात डोकं घालून कुत्रा आला का विचारत होतो आणि लोक फराळाला या म्हणत होते. तिसऱ्यावर फक्त काकूंचं दार बंद होतं. मला बरंच वाटलं, चला, इथे तरी तो गेला नाही. खाली वॉचमन म्हणाला, पाहुण्यांसाठी फाटक उघडंच आहे, लक्ष नव्हतं.

फाटकाबाहेर वाहता रस्ता. गळ्यात पट्टा नाही, पट्ट्यावरचा नंबर नाही. मी नाव घेऊन ओरडत होतो आणि प्रत्येक हाकेवर एक सुतळी बॉम्ब फुटत होता. दोनदा रस्त्याकडेला काहीतरी पडलेलं दिसलं. एकदा पोतं निघालं, एकदा कुणाची चादर. परत आलो तेव्हा बायको फाटकाशी उभी होती. हातात वाळलेला पट्टा.

स्कूटरची किल्ली आणायला जिना चढू लागलो. तिसऱ्यावर काकूंचं दार किलकिलं झालं. आतून उटण्याचा वास आला.

“अहो सूचनावाले, चार फोन केले. कुठे ठेवता फोन?”

मी म्हणालो, पूजेत.

त्यांच्या न्हाणीघरात नळ बादलीत धो धो सोडलेला होता, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. कोपऱ्यात चिरंजीव, अंगावर काकूंची शाल, थरथरत. काकूंच्या पैठणीचा काठ ओलाचिंब. सरळ आत घुसला म्हणाल्या, आणि कुत्र्याला उटणं लावणारा माणूस या इमारतीत एकच असणार.

“पण आज दार बंद?” मी विचारलं.

“तासभर बंद आहे. लक्ष्मी येऊन गेली असेल परत.”

बायकोला हाक मारायला म्हणून मी मागे वळलो, तेवढ्यात खाली आणखी एक माळ लागली.

“आधी दार लावा,” काकू म्हणाल्या. “मुद्दा क्रमांक एक.”