ओटीतला नारळ

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर लोणी काळभोरच्या शेवंतामावशींचा. त्यांच्या अंगात देवी येते. आणि त्यांनीच मला सांगितलं, की माझ्या बायकोच्या अंगात देवी आलेली नाही.

मंगल कित्येक रात्री झोपली नव्हती. आधी विसरू लागली, मग भलत्याच आवाजात ओरडू लागली, हात वर धरून डोलू लागली. एका डॉक्टरांनी मनावरचा ताण म्हटलं. यवतमाळकडून आलेली माझी आई मात्र तिच्या पायाच पडली. "देवी आली रे बापा! गावच्या देवीच्या ठाण्यावर नेऊ." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा, पण हात माझेही जोडले गेले. खरं काय ते कळतच नव्हतं. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढली.

निघण्याआधी ओटी भरायला पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या शेजारणीने मावशींना बोलावलं. मावशींनी पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. मंगलच्या हातून पदर सुटला, नारळ कॉटखाली घरंगळला. तिचं लक्षच नव्हतं. काही चावत असल्यासारखं तोंड एकसारखं हलत होतं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"देवी ओटी टाकत न्हाय. अन् घेतली की अंगात थांबत न्हाय. पोरगी आजारी हाय. मोठ्या दवाखान्यात न्या."

"तुमाले काय माहीत?" आई चिडली.

"माझ्याकडं येती की ती! मला न्हाय तर कुणाला माहीत?"

नारळ उचलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. ट्रॅव्हल्सकडे न जाता आम्ही रिक्षा हडपसरच्या मोठ्या दवाखान्याकडे वळवली.

तिथे पाठीतलं पाणी तपासलं. रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीच मंगलच्या मेंदूवर उलटल्या होत्या. स्टेरॉइडने पुरेसा गुण येईना. मग या अँटीबॉडी ज्या पेशींपासून तयार होतात त्या पेशी कमी करणारं इंजेक्शन ठरलं, तेही अँटीबॉडीचंच. मी गोंधळून विचारलं, "आजारही तोच आणि औषधही तेच?"

"चोरही माणूस, पोलीसही माणूस," डॉक्टर म्हणाले. "आपण सही करा."

सलाइनचे थेंब बघत मी बसलो. न आलेल्या देवीकडे मागायचं कसं? शेवटी मागणं सोडलं. म्हटलं, तू जिथे असशील तिथून बघ.

हळूहळू, फार हळूहळू, मंगल परतली. घरी आल्यावर एका सकाळी पिशवीकडे बघून म्हणाली, "अहो, हा नारळ कुणाचा? अजून फोडला नाही?"

त्या दिवशी मी मावशींना पत्र लिहिलं:

"ती. शेवंतामावशींना शि. सा. न.

मंगल घरी आली. औषध चालू आहे, नावं अजून विसरते. तुम्ही म्हणालात, देवी आली नव्हती. मग त्या दिवशी आमच्या घरात तुमच्या तोंडून कोण बोललं, हे मला अजून उमगत नाही. उमगलंच पाहिजे असंही आता वाटत नाही. नारळ जपून ठेवला आहे. मंगल म्हणते, मावशींच्या हातानेच फोडायचा. या मंगळवारी येऊ का? या वेळी ओटी ती स्वतः धरेल."